कॉल सुरू होताच आवाज का बिघडतो?

गाणी उत्तम ऐकू येतात, पण व्हिडिओ कॉल लागला की आवाज जुन्या टेलिफोनसारखा येतो, या तक्रारीवर अनेकदा नवे इअरबड घेण्याचा सल्ला दिला जातो. तो मला घाईचा वाटतो, कारण दोष बहुधा इअरबडचा नसतोच. नेहमीच्या ब्लूटूथवर गाणी एटूडीपी या एकतर्फी, स्टीरिओ पद्धतीने येतात. मात्र एखाद्या अ‍ॅपने इअरबडचा माइक मागितला, की संगणक एचएफपी या दुतर्फी पद्धतीवर जातो आणि तेथे आवाज मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकसारखा, होऊन त्याचे सॅम्पलिंग (दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते प्रमाण) सहसा १६, कधी कधी तर ८ किलोहर्ट्झवर येते. म्हणून झूम किंवा टीम्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून इअरबड तसेच ठेवावेत आणि माइक मात्र लॅपटॉपचा निवडावा. (लॅपटॉपचा पंखा घोंगावत असेल, तर साधा यूएसबी माइक बरा.) विंडोज १० मध्ये एकाच इअरबडच्या ‘स्टीरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशा दोन नोंदी दिसतात, त्यांपैकी स्टीरिओचीच निवड करायला हवी. आवाज मध्येच तुटत असेल, तर प्रकरण वेगळे, बहुधा इतर रेडिओ लहरींच्या अडथळ्याचे आहे: तेव्हा वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्यावे आणि ब्लूटूथ डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा ब्लूटूथ जोड) असल्यास तो यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कपासून दूर लावावा.