शब्दचर्चा : खुज्यांच्या राष्ट्रात सत्ता कुणाची, ‘कुळां’ची की ‘घराण्यां’ची?

खानापूरकर
पटावर खेळायच्या एका कथाखेळाची मराठी नियमपुस्तिका तयार होते आहे. त्यात डोंगराच्या पोटात राहणाऱ्या खुज्या लोकांचं एक राष्ट्र आहे. राजा नाही. नऊ मातब्बर घराणी मिळून कारभार बघतात. प्रत्येक घराण्याची स्वतःची खाण, स्वतःच्या भट्ट्या, हत्यारबंद माणसं आणि सभेत एक मत. मसुद्यात सध्या असं आहे : राज्यपद्धतीला ‘घराणेशाही’, घराण्याला ‘कुळ’, घराण्याच्या मुख्याला ‘कुलपती’, सभेला ‘परिषद’ आणि लोकांना ‘बुटके’. यातलं काय ठेवायचं, काय बदलायचं? घराण्यातल्या शाखेला शब्दच सापडलेला नाही.

शहापूर पेठ
‘परिषद’ सोडली तर सगळंच बदलायला पाहिजे की!

‘घराणेशाही’ हे राज्यपद्धतीचं नाव नाही, ती तक्रार आहे. बापानंतर मुलाला तिकीट मिळालं की वर्तमानपत्रात जो शब्द येतो तो हा. एकही खुजा आपल्या राज्याला अभिमानाने घराणेशाही म्हणणार नाही. त्यांच्या शत्रूच्या तोंडी मात्र शोभेल.

‘कुळ’ तर आपल्याकडे, बेळगाव भागात, चालणारच नाही. दुसऱ्याची जमीन कसतो तो कूळ. १९४८ चा मुंबईचा कूळकायदा बेळगावलाही लागू होता, कारण १९५६ पर्यंत जिल्हा मुंबई राज्यातच होता. सामान्यरूपात कूळ (कसणारा) आणि कुळ (वंश) दोन्हींचं ‘कुळां-’ होतं, त्यामुळे ‘नऊ कुळांचं राज्य’ वाचलं की खंडकऱ्यांनी जमीनदाराला हाकलून राज्य घेतलं असा अर्थ डोक्यात येतो. वंश म्हणायचा असेल तर तत्सम ‘कुल’ घ्या आणि तोही समासातच : कुलचिन्ह, कुलसभा. सुटा वापरू नका.

‘कुलपती’ म्हणजे विद्यापीठाचे. त्यात आपल्या भागात आणखी एक घोळ आहे : मराठीत कुलपती हे कुलगुरूंच्या वरचं पद, तर कन्नडात कुलपती म्हणजेच आपले कुलगुरू, आणि त्यांच्यावर कुलाधिपती. दोन्ही भाषा वाचणारा खेळाडू पदवीदान समारंभालाच जाऊन बसेल.

हुक्केरी दप्तर
शहापूरताईंना दुजोरा. फक्त एक गोष्ट आधी ठरवा, म्हणजे निम्मे शब्द आपोआप ठरतील : या घराण्यांना सत्ता मिळते कशातून?

राजाने नेमणूक म्हणून दिली आणि तो काढूनही घेऊ शकतो, तर ती जहागीर किंवा सरंजाम. मुळात त्यांचीच, वंशपरंपरा चालणारी, राज्य बदललं तरी न बदलणारी, तर ते वतन. दख्खनमध्ये हा फरक मानला जायचा. आदिलशाही गेली, मराठे आले, पेशवाई गेली, इंग्रज आले. देसाई, नाडगौडा, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आपापल्या जागी. इंग्रजांना १८७४ मध्ये वतनांसाठी वेगळा कायदा करावा लागला आणि कर्नाटकात गावकामगारांची वतनं संपवायला १९६१ चा कायदा यावा लागला. तुमच्या खेळात राजाच नाही, म्हणजे देणारा कुणी नाही. म्हणून वतन.

मग बाकीचे शब्द रांगेत येतात. घराण्याच्या मुख्याला ‘देसाई’ म्हणा असं मी म्हणणार नाही, ते आपल्या इकडचं आडनाव झालंय. पण ‘सर’ हा उपसर्ग उचला. देसायांचा मुख्य सरदेसाई, देशमुखांचा सरदेशमुख, नाइकांचा सरनाईक. नऊ जणांत ज्याला पहिला मान, तो ‘सरवतनदार’. राजा नव्हे, पण सभेत पहिला विडा त्याचा. मुलुखाला ‘देसगत’ घ्या. कित्तूरसारख्या देसायांच्या मुलुखासाठी हा शब्द कन्नड-मराठी दोन्हींत चालायचा. उरलेल्या महाराष्ट्राला तो फारसा ठाऊक नाही, म्हणून काल्पनिक राष्ट्राला नवाकोरा वाटेल.

शाखेसाठी ‘तक्षीम’. स्त्रीलिंगी : ती तक्षीम, त्या तक्षिमा, हिस्सा धरणारा तो तक्षीमदार. वतनाचा वाटा आणि तो धरणारी शाखा, दोन्ही अर्थ एकाच शब्दात. थोरल्या शाखेला ‘थोरली पाती’, धाकटीला ‘धाकटी पाती’. मान आणि शिक्का थोरल्या पातीकडे असण्याच्या हक्काला ‘वडीलकी’. भांडणं उत्पन्नावरून जितकी झाली तितकीच वडीलकीवरून झाली आहेत, हे खेळ रचताना विसरू नका.

निपाणी नाका
थोरली-धाकटी कन्नडात हिरे-चिक्क. हिरेबागेवाडी आपल्या जिल्ह्यातच आहे. कित्तूरच्या मूळ पुरुषांची नावंही हिरे मल्लशेट्टी आणि चिक्क मल्लशेट्टी अशीच सांगतात. ‘हिरेघण’ आणि ‘चिक्कघण’ अशी एकाच घराण्याच्या दोन पात्यांची नावं ठेवली तर सीमाभागातला वाचक न सांगता समजेल.

पण ‘घराणे’ हा शब्द तुम्ही सगळे गृहीत धरताय. ‘ऐरण घराणे’ म्हटलं की धारवाड-बेळगाव पट्ट्यातला माणूस आधी विचारेल, ख्याल कसा गातात? जिथे किराणा घराण्याचे गवई घरोघरी ऐकले जातात आणि कुमार गंधर्व जन्मले ते सुळेभावी इथूनच जवळ, तिथे हे होणारच. नुसतं आडनाव वापरा : ‘ऐरणे’, ‘घणकर’, ‘भातखंडकर’. सामान्यनाम लागेल तिथे ‘घर’ पुरे. ‘नऊ घरांची सभा’ कानाला छान लागतं.

येळ्ळूरकर
वतनाचा मुद्दा पटतो, पण हुक्केरीअण्णा, वतनदार शेवटी कुणाच्या तरी राज्यात असतो. तो कितीही टिकाऊ असला तरी वरून फर्मान येतं. इथे वर कुणीच नाही. सार्वभौम घरांचा समूह म्हणजे आपल्याकडचा सर्वांत जुना शब्द : गणसंघ. बुद्धाच्या काळातले वज्जी, मल्ल, शाक्य हे तसेच. राज्य एका राजाचं नव्हे, क्षत्रिय घरांचं. वज्जींपैकी लिच्छवींचे ७७०७ राजे होते असं जातककथा सांगते. प्रत्येक घरचा मुख्य स्वतःला राजाच म्हणवायचा. कौटिल्याने अशा संघांना नावच दिलंय, ‘राजशब्दोपजीवी’, म्हणजे ‘राजा’ या शब्दावर जगणारे. नऊ खुजे सभेत बसलेत आणि नऊही जण एकमेकांना ‘महाराज’ म्हणतायत, याहून मजेशीर राज्यव्यवस्था कुठली?

आणि खुज्यांसाठी वेगळा शब्द शोधायची गरजच नाही. बदामीच्या पहिल्या लेण्याच्या जोत्यावर बघा : बुटके, पोट सुटलेले, नाचणारे शिवाचे गण ओळीने कोरलेत. गण म्हणजे खुजा शिवसेवक आणि गण म्हणजे घरांचं राज्य. एकाच शब्दात लोकही आले आणि त्यांचं सरकारही. ‘बुटके’ हे बाहेरच्यांनी हिणवायला वापरावं. ते स्वतःला ‘गणजन’ म्हणतील.

सभेचे शब्दही तयार आहेत. सभागृह ‘संथागार’. मतदान शलाकांनी, म्हणजे रंगवलेल्या काड्यांनी. त्या गोळा करणारा ‘शलाकाग्राहक’. बौद्ध संघात मत घ्यायच्या तीन रीती होत्या : गुप्त, उघड आणि कानात सांगून. तिन्ही खेळात वापरता येतील. उघड मतात दबाव, गुप्त मतात विश्वासघात आणि कानात सांगताना शलाकाग्राहकच फितूर. सभासद पुरे भरले की नाही हे बघणारा ‘गणपूरक’. विधिमंडळात आजही किमान हजेरीला ‘गणपूर्ती’ म्हणतात, तेव्हा तो शब्द समजावूनही सांगावा लागणार नाही.

शहापूर पेठ
‘गण’ला एक अडचण आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला पंचायत समितीचा गण आठवेल आणि तमाशाच्या रसिकाला गण-गौळण. तरी ‘यक्ष’ किंवा ‘वामन’पेक्षा बराच. वामन म्हटलं की तीन पावलं आणि बळी आलाच. कन्नडातला ‘कुळ्ळ’ (बुटका) सुचवणार असाल तर हात जोडते : ‘कुळ्ळांची कुळं’ कुणाच्या जिभेवर ठरणार नाहीत.

हुक्केरी दप्तर
गणसंघ मान्य, बाहेरून जगाला दाखवायचं नाव म्हणून. पण संथागार, शलाका, तक्षीम, सरवतनदार हे एकाच परिच्छेदात आले तर खिचडी होईल. मराठीत हे थर वेगळेच राहत आले आहेत. राज्याच्या डोक्यावरचे शब्द संस्कृतात : शिवकाळात मुजुमदाराचा अमात्य झाला, सरनोबताचा सेनापती झाला. दप्तर, जमीन, पैसा यांचे शब्द मात्र फारसी-अरबीच राहिले : वतन, इनाम, जमाबंदी, तक्षीम. आणि कामाच्या जागी देशी. तुम्हीही तीन थर ठेवा. सभेत संस्कृत, दप्तरात फारसी, भट्टीवर देशी. नियमपुस्तिकेच्या तिन्ही प्रकरणांची भाषा वेगळी झाली तर ते दोष नाही, रंगत आहे.

सभेचा निर्णय कागदावर आला की तो महजर. वर ‘हाजिर मजालस’ म्हणजे उपस्थितांची यादी, मग दोन्ही पक्षांचं म्हणणं, मग निर्णय, शेवटी निशाण्या. सही येत नसे तो आपल्या कामाचं चिन्ह काढायचा. पाटलाची निशाणी नांगर. घणकरांची घण, ऐरण्यांची ऐरण. खेळात निशाणी खोटी करता येईल, पण हाजिर मजालसीत नाव नसलेल्याची निशाणी खाली आली की महजर रद्द. हा नियम ठेवा, डावात चांगली अडवाअडवी होईल.

खानापूरकर
तीन थर पटले. एक शंका : तक्षिमेचं गणित खेळात कसं बसवायचं? टक्क्यांत लिहिलं की शाळेचं पुस्तक वाटतं.

हुक्केरी दप्तर
आण्यांत लिहा. पूर्ण वतन म्हणजे सोळा आणे. एक आणा बारा पै. म्हणजे एकूण १९२ पै. तीन मुलगे असले तर प्रत्येकाला ५ आणे ४ पै. त्यातल्या एकाला चार मुलगे झाले की प्रत्येकाला १ आणा ४ पै. इथवर सरळ जातं. गंमत सात मुलगे झाल्यावर. १९२ ला ७ ने भाग जात नाही : प्रत्येकी २ आणे ३ पै आणि वर ३ पै उरतात. ती उरलेली ३ पै कुणाची? वडीलकी मानणारे म्हणतील थोरल्या पातीची. धाकटे म्हणतील सामाईक. तुमच्या खेळातली भाऊबंदकी या तीन पैंत आहे, वेगळं कारस्थान रचायची गरज नाही.

दुसरा स्फोटक मुद्दा दत्तकाचा. घर निपुत्रिक झालं तर दत्तक कोण मंजूर करणार? कित्तूरचं १८२४ चं युद्ध नेमकं याच प्रश्नावर पेटलं. कंपनीने दत्तक नामंजूर केला आणि चन्नम्मा राणी लढायला उभी राहिली. तुमच्या नऊ घरांत दत्तकाला सगळ्यांची संमती लागते असं ठेवलं तर एक घर हटून बसलं की दुसरं घर बुडतं. फक्त आठ लागतात असं ठेवलं तर आडमुठेपणा कमी होतो, पण खेळही सपक होतो. मी एकमताच्या बाजूचा.

‘आणेवारी’ शब्द मात्र टाळा, तो आता पिकाच्या अंदाजाला गेलाय. ‘आण्यांचा हिस्सा’ म्हणा.

उद्यमबाग भट्टी
सभा झाली, दप्तर झालं, आता कामाचं बघू. मसुद्याचं नमुना पान पाहिलं. भट्टीचे शब्द चुकलेत.

‘वितळलेला धातू’ असं कुणी म्हणत नाही, ‘रस’ म्हणतात. रस तयार झाला, रस ओतला. ओततात तो साचा, वितळवतात ती मूस. ‘ओतीव लोखंड’ पुस्तकी आहे, बीड म्हणा. बिडाचा तवा प्रत्येक घरात आहे. बीड ठिसूळ असतं, घणाने ठोकून आकार देता येत नाही, ठोकलं तर फुटतं. तुमच्या पानात खुजा लोहार ‘बिडाची तलवार ठोकून घडवतो’. ती पहिल्या घणालाच तुटेल. तलवार पोलादाची, तीही तापवून घडवायची आणि शेवटी धारेला पाणी द्यायचं. पाणी देणं म्हणजे तापलेली धार एकदम विझवून कडक करणं. फार कडक झाली तर काचेसारखी तडकते, म्हणून नंतर मंद आचेवर परत शेकतात. साचा ओला राहिला तर रस पडताक्षणी वाफ होऊन उसळतो, माणूस भाजतो. कथेत अपघात हवा असेल तर हा खरा वाटेल.

वर तरंगते ती मळी. बाकी भाता, ऐरण, घण, सांडशी हे शब्द सगळ्यांना माहीत आहेत, ते तसेच ठेवा.

धान्यकोठाराला ‘तळघर’ लिहिलंय, तिथे ‘पेव’ घाला. जमिनीत खणलेलं, तोंड बंद केलेलं. उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही, आत कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो. दिवा सोडून बघतात. विझला तर थांबायचं. बंद पडलेल्या खाणीच्या बोगद्यालाही हेच लागू. मात्र दिवा सगळ्याच वायूंचं सांगत नाही. कोळशाच्या खाणीत पेट घेणारा वायू असतो, तिथे उघडा दिवा नेला की स्फोट. तुमची नऊही घरं धातूच्या खाणीवाली असतील तर कथेपुरता दिवा चालेल.

आणि पान सहावर ‘सोन्याच्या शिऱ्यात हात घातला’ असं आहे. दगडातली धातूची रेघ ती शीर : शिरेत, शिरेला, अनेकवचनी शिरा, शिरांत. शिऱ्यात हात घातला तर तूप लागेल. एकवचनी ‘शिरा’ कुठेच लिहू नका. ‘शिरा सापडल्या’ चालेल, ‘शिरा सापडला’ म्हणजे नैवेद्य.

निपाणी नाका
‘भातखंडकर’ नाव मीच सुचवलं होतं, भात्यावरून. पण ऐकणाऱ्याला भाताचं शेत वाटणार. ‘भातेकर’ ठेवा.

खानापूरकर
भातेकर केलं. शिरेच्या सगळ्या जागा दुरुस्त करतो. सात मुलांचं उदाहरण नियमात घालतोय, उरलेली ३ पै ‘वादात’ म्हणून पटाच्या मधोमध ठेवायची, सभेत पाच शलाका मिळवील त्या पातीला. दत्तकाला एकमत.