कुझनेत्सोव: आडनावावरून नातं जुळवू नका

एक प्रश्न आलाय की टेनिसपटू स्वेतलाना कुझनेत्सोवा आणि चित्रकार पावेल कुझनेत्सोव एकाच घराण्यातले का. तसं मानायला आधार नाही. लोहारकीवरून पडलेलं हे आडनाव रशियात ढिगानं सापडतं. कुझनेत्सोवो नावाची खेडीही तिथे कितीतरी.

ओळख पटवायची तर मधलं, वडिलांवरून आलेलं नाव बघा. पावेल वार्फोलोमेयेविच १८७८चा, सारातोवचा. स्वेतलाना अलेक्सांद्रोव्हना १९८५ची, लेनिनग्राडची. तिची आई गालिना त्सार्योवा सायकलिंगमधली जगज्जेती आणि भाऊ निकोलाय १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकचा रौप्यविजेता. इथे नातं खरंच आहे, पण आईचं आडनाव वेगळं!

खरा घोळ 'निकोलाय कुझनेत्सोव' शोधताना होतो. गेरासिमोविच म्हणजे नौदलाचे ॲडमिरल, विमानवाहू जहाज त्यांच्या नावाचं. द्मित्रियेविच विमानांच्या इंजिनांचे अभिकल्पक. इव्हानोविच सोव्हिएत गुप्तहेर. युक्रेनमधलं कुझनेत्सोव्स्क शहर त्याच्या नावाचं होतं, २०१६ला ते पुन्हा वराश झालं. जुने नकाशे वापरणारे तिथे हमखास चुकतात.

शोध शक्यतो सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियन लिपीतच घ्या, 'ओव' (पुरुषांचं) आणि 'ओवा' (स्त्रियांचं) दोन्ही रूपं टाकून. रोमन लिपीत 'त्स'ची स्पेलिंगं देशागणिक बदलतात, त्यामुळे निम्म्या नोंदी निसटतात.