अनवाणी चालणं आणि मधुमेह

रोज अनवाणी चाला, त्याने पाय बळकट होतात, असा सल्ला देणारा एक मेसेज फिरतोय. मान्य. इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला १९६० साली रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकला होता. मीही सकाळी अंगणात चप्पल घालत नाही. पण घरात कुणाला मधुमेह असेल तर हा सल्ला कृपया तसाच पुढे पाठवू नका.

मधुमेह असलेले माझे वडील चैत्रात भर दुपारी देवळात प्रदक्षिणा घालून आले. फरशी तापलेली, पण त्यांना काही जाणवलंच नाही. रात्री आईला चादरीवर ओला डाग दिसला. तळवा पाहिला तर अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड फुटलेला. भरायला दोन महिने लागले!

जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठाही कमी पडू शकतो. म्हणून जखम कळत नाही आणि लवकर भरतही नाही. डॉक्टर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून संवेदना तपासतात. अजिबात दुखत नाही, जरूर करून घ्या.

आता बाबा घरातही मऊ चपला घालतात. देवळात जाताना जाड मोजे. आणि रोज झोपण्यापूर्वी आई त्यांचे तळवे बघते, बोटांच्या बेचक्यांसकट.