६०० फुटी लॉक, त्याच्या जवळपास दुप्पट लांब ताफा: बांधणाऱ्याने पुढचं ओळखायचं तरी कसं?

कोयनाकाठ:
तीन महिने झाले, मुलाकडे अमेरिकेत डेव्हनपोर्टला आलोय. घरात करमत नाही म्हणून मिसिसिपीच्या लॉक क्रमांक १५ वर जाऊन बसतो. (लॉक म्हणजे नदीतला दोन दरवाज्यांचा हौद, पाणी भरून-सोडून बोटी वरखाली करणारा. कागदोपत्री याला जलपाश म्हणतात. कालव्यांवर ३१ वर्षं नोकरी केली, एकाच्याही तोंडून हा शब्द ऐकला नाही.)

काल १५ बार्जचा (सपाट मालवाहू पडावांचा) ताफा आला. तीन-तीनच्या पाच रांगा. एक बार्ज १९५ फूट लांब, ३५ फूट रुंद. लॉक ६०० बाय ११०. रुंदीला दोन्ही बाजू मिळून पाच फूट मोकळे, बोळातून ट्रॅक्टर काढावा तसे. लांबीत मात्र ताफा बसेना. मग मधले दोर सोडले, पुढचे नऊ बार्ज खाली उतरवून बाहेर ओढले, लॉक पुन्हा भरलं आणि उरलेले सहा टोबोटसकट (ताफा ढकलणाऱ्या बोटीसकट) आत घेतले. मी घड्याळ लावलं होतं: पावणेदोन तास!

१९३४ साली हे लॉक बांधताना असं होईल हे कुणाला सुचलं नसेल? हसायचा अधिकार मला नाही म्हणा. कालव्यावरचा एक पूल मी बैलगाडीच्या मापाने बांधलाय, आता गळिताच्या हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या तिथे अडकतात आणि गावकरी मला फोन करतात. म्हणून खरंच विचारतोय. लॉक शंभर वर्षं टिकतं, बोटी त्याआधीच बदलतात. डिझाइनवाले नक्की काय धरतात?

मोझेलवाला:
काका, सुचलं होतं की! तुमच्या १५ नंबरला मुख्य लॉकशेजारी ३६० फुटी दुसरं लॉक आहे, बघा. इतर बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या लॉकचा फक्त वरचा दरवाजा नि थोडी भिंत बांधून जागा राखली. याच नदीवर किओककला १९५७ मध्ये १२०० फुटी लॉक झालं. २००७ मध्ये अमेरिकी संसदेने मिसिसिपी आणि इलिनॉय नद्यांवर आणखी सात १२०० फुटी लॉकना मंजुरी दिली.

मी इकडे जर्मनीत याच कामात आहे. लांबीचं आम्हाला फारसं भय नसतं. मोझेल नदीवर जुनी लॉक १७२ मीटरची, काही ठिकाणी शेजारी २१० मीटरची दुसरी बांधली, जुनी चालूच राहिली. रडवतो तो उंबरा. दरवाजा ज्यावर टेकतो तो काँक्रीटचा उंबरठा. बोट किती खोल बुडून येऊ शकते हे तोच ठरवतो, आणि तो नंतर खाली घेता येत नाही. तळ आणि भिंती मिळून पाण्याचा-मातीचा दाब पेलतात, तळ फोडला की सगळंच हलतं. खड्डा खणलेलाच असतो तेव्हा अर्धा मीटर जास्त खोल जाणं त्या मानाने स्वस्त. पण बजेट आवळायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते! यावर मी मीटिंगांमध्ये बराच घसा कोरडा केलाय.

भाऊचा_धक्का:
हे नदीतलं नाही, पण मुंबईचा इंदिरा डॉक घ्या. १९१४ चा, प्रवेशाच्या लॉकची रुंदी १०० फूट. त्याच वर्षी पनामा कालवा सुरू झाला, तिथे ११०. दहा फुटांचा फरक! पुढे जगभर जहाजं पनामाच्या मापाने, १०६ फुटी रुंद बांधली जाऊ लागली आणि ती आमच्या दारातून आत येईनात.

शंकासुर:
पण अंदाज दोन्हीकडे चुकतो. चीनच्या थ्री गॉर्जेस धरणाच्या लॉकना २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन माल धरला होता, तो आकडा २०११ मध्येच गाठला. उलट पनामात १९३९ ला युद्धनौकांसाठी मोठी लॉक मंजूर झाली, १९४२ ला खोदकाम अर्धवट सोडलं. किती पुढचं बघायचं?

मोझेलवाला:
पण पनामाचे ते खड्डे वाया गेले नाहीत. २०१६ ला उघडलेल्या नव्या लॉककडे जाणाऱ्या वाटेत त्यातलं बरंच खोदकाम वापरलं. खणलेलं राहतं. आम्हीही नकाशावर दुसऱ्या लॉकची जागा आखतो आणि तिथे ना केबल जाऊ देत, ना पुलाचा खांब.

कोयनाकाठ:
आज ते ३६० फुटी पाहून आलो. तीन महिने त्याच्याकडे पाठ करून बसत होतो!
जागेचं पटलं. माझ्या पुलाशेजारीही दुसऱ्या पुलापुरती सरकारी जागा सोडली होती. आता तिथे चहाची टपरी आहे, मागे पत्र्याची शेड. अडकलेल्या ट्रॉलीवाल्यांवरच धंदा चालतो त्याचा.