रेमो फर्नांडिसचं खरं काम कोणतं: घरी केलेल्या कॅसेटी की सिनेमातली गाणी?

घुमट
गोव्याचा गायक-संगीतकार रेमो, त्याचं नाव निघालं की लोक सिनेमातल्या ‘हम्मा हम्मा’ आणि ‘प्यार तो होना ही था’वर थांबतात. गाणी छानच आहेत. पण पहिलीची चाल रेहमानची, दुसरीची जतीन-ललितची. रेमो तिथे गायक. संगीतकार रेमो ऐकायचा तर १९८४च्या ‘गोअन क्रेझी’कडे जावं लागतं. मुंबईत जे. जे.ला आर्किटेक्चर शिकलेला हा माणूस गोव्यातल्या शिवोली गावी, आपल्या घरी, चार ट्रॅकच्या (म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरता येतील अशा) रेकॉर्डरवर अख्खा अल्बम करतो. शब्द, चाली त्याच्या, वाद्यंही तोच वाजवतो, आणि कॅसेटी स्कूटरवरून स्वतः दुकानांत पोचवतो! चार ट्रॅक म्हणजे गिटार, बास, ताल भरले की जागा संपत आली. मग भरलेले ट्रॅक एकावर उतरवायचे. एकदा उतरवले की त्यांचा आपसातला तोल पुन्हा बदलता येत नाही, वर टेपची खरखर वाढते. गाणं आधी डोक्यात पूर्ण तयार हवं. सिनेमाने त्याला नाव दिलं, पण ह्या संगीतकाराचा वेळ खाल्ला, असं माझं मत.

तिठा
वेळ खाल्ला? ‘प्यार तो होना ही था’ १९९८चं. त्याच वर्षी त्याचा स्वतःचा अल्बम ‘ओ मेरी मुन्नी’ आला. दोन्ही कामं एकत्र चालू होती. आणि गाणारा काहीच घडवत नाही का? ‘हम्मा’मधली ती बेफिकिरी चालीच्या कागदावर नसते. मराठवाड्यातल्या आमच्या गावात इंग्रजी कॅसेट कोण आणणार होतं? सिनेमा नसता तर रेमो आमच्यापर्यंत आलाच नसता.

घुमट
पोचला, हे मान्य. पण काय पोचलं? १९८६चं ‘पॅक दॅट स्मॅक’ अमली पदार्थांवर थेट बोलतं. तेव्हाच्या हिंदी सिनेमात नायकाच्या तोंडी असं गाणं कोणी दिलं असतं?

मांडवीकाठ
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. इंग्रजीत गायलं की ते गोव्याचं कसं? तियात्रातली, म्हणजे गोव्याच्या कोंकणी नाटकातली, कांतारां (गाणी) गाणारे लोक कोंकणीतूनच आपल्या माणसांशी बोलत होते. त्यांच्या वाट्याला पद्मश्री किती आल्या? रेमोला २००७मध्ये मिळाली.

घुमट
कांतारांची उपेक्षा झाली, शंभर टक्के खरं. पण १९८५चा ‘ओल्ड गोअन गोल्ड’ विसरू नका. गोव्याची जुनी गाणी त्याने नव्या साजात बांधली.

मांडवीकाठ
तोच साज मला खटकतो. मांडो, म्हणजे गोव्याचं जुनं कोंकणी नृत्यगीत, संथ चालतो, घुमटाला (मातीच्या तालवाद्याला) आणि व्हायोलिनला श्वास घ्यायला जागा लागते.

तिठा
पण मांडो तरी कुठे एकाच घरचा? शब्द कोंकणी, स्वरमेळ युरोपचा, ताल घुमटाचा. एकोणिसाव्या शतकात ती सरमिसळ चालली, मग विसाव्यातल्या गिटारलाच हरकत का?

मांडवीकाठ
गिटारला हरकत नाही, घाईला आहे.