सिंधू गडकऱ्यांची की गावाची? तुमचे अनुभव लिहा

नाटक, कादंबरी, मालिका, कॉमिक, काहीही चालेल. एखादं पात्र तुम्हाला इतकं आपलं वाटलं का, की दुसऱ्या कोणी त्याला हात लावल्यावर तुम्ही चिडलात? किंवा तुम्ही हात लावलात आणि लोक चिडले? गोव्यातले अनुभव आले तर फारच बरं. आपल्याकडे नाटकाला लोक प्रेक्षक म्हणून येतच नाहीत, पंच म्हणून येतात.

सुरुवात मी करतो. अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, आमच्या गावी यंदा उत्सवी नाटक म्हणून राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' घेतलं. दिग्दर्शक गावातलाच, पण बाहेर शिकून आलेला मुलगा. त्याने शेवट बदलला: दारुड्या सुधाकरची बायको सिंधू मरत नाही, घर सोडून निघून जाते. देवळाच्या अग्रशाळेत तालीम चालू असताना नेहमीची म्हातारी मंडळी मागे बसलेली. त्यातले एक आजोबा उठून सरळ मध्ये येऊन उभे राहिले. "सिंधू घर सोडून वचची ना." मुलगा समजावू लागला, आज गडकरी असते तर त्यांनीही वेगळं लिहिलं असतं वगैरे. आजोबा म्हणाले, "गडकऱ्यांक सोड. सिंधू हांव जाल्लों."

खरंच होतं ते. बायका नाटकात उभ्या राहत नसत तेव्हा गावाची सिंधू तेच. शिवाय 'कशि या त्यजू पदाला' म्हणणारी बाई उंबरा ओलांडेल कशी, हा त्यांचा सवाल बिनतोड होता.

पुढे पदांवरून जुंपली. नाटक फार लांबतं म्हणून मुलाने काही पदं गाळली. "गडकऱ्यांच्या पदांना कात्री?" म्हणून मंडळी उसळली. मग कोणीतरी सांगितलं की पदं गडकऱ्यांची नाहीतच. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक गंधर्व मंडळीने फेब्रुवारीत रंगमंचावर आणलं आणि पदं लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी. क्षणभर शांतता. मग आजोबाच म्हणाले, "आसूं. सिंधूचीं न्हय तीं?"

शेवट जुनाच राहिला. गाळलेल्या पदांपैकी एक प्रयोगाच्या रात्री समोर बसलेल्या बायकांनीच म्हटलं. पेटीवाल्याने निमूट साथ दिली! मी मुलाच्या बाजूने होतो, अजूनही आहे. पण आजोबांना उत्तर देता येत नाही.

रातांबा
वन्समोअर हा मालकी हक्कच की. 'सौभद्र'मध्ये कृष्णाने 'प्रिये पहा' म्हटलं की आमच्याकडे वन्समोअर ठरलेला. रुक्मिणी पुढच्या वाक्यासाठी तोंड उघडते आणि मिटते. रात्र सरत आल्याचं पद, ते इतक्या वेळा होतं की रात्र खरोखर सरते.
एक शंका. किर्लोस्करांनी १८८२ साली महाभारतातलं सुभद्राहरण उचलून त्याचा घरगुती लग्नाचा घोळ करून टाकला, तेव्हा व्यासांच्या बाजूने कोणी ओरडलं होतं का?

संकासूर
आम्ही पेडण्याकडचे, दशावतारात काम करतो. आमच्याकडे संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कधी शिरणार ते ठरतं, बाकी संवाद उभ्या उभ्या. लेखकच नाही म्हटल्यावर हक्क कोणाचा सांगणार? मलाही वाटायचं, मोकळं रान आहे.

एका काल्याला, म्हणजे दशावताराच्या रात्रीच्या खेळाला, मी कर्ण होतो. कुंती भेटायला येते तो प्रवेश. रात्रीचे दोन वाजून गेलेले, पोरं आडवी झालेली, म्हटलं जरा तापवूया. मी कुंतीला असं काही सुनावलं की समोरच्या तरुण पोरांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात चटईवरून एक म्हातारी ओरडली, "कर्ण आवयकडेन अशें उलयना!" आईशी असं बोलत नाही म्हणे. पखवाजवाल्याचा हात थांबला. कुंती झालेला आमचा गडी माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. बाहेर पडायला वाट नाही. मग मी कर्ण म्हणूनच म्हातारीकडे वळलो आणि हात जोडून विचारलं, "माते, मग तूच सांग, मी काय बोलू?"

ती जराही लाजली नाही. "तुजे पांच उरतले म्हण रे."

महाभारतात कर्ण कुंतीला अगदी हेच वचन देतो: अर्जुन मेला तर मी असेन, मी मेलो तर अर्जुन असेल, तुझे पुत्र पाचच राहतील. म्हातारीने ते वाचलेलं असण्याची शक्यता कमी. तिने आयुष्यभर काले बघितलेले. मी तिचंच वाक्य घेतलं आणि तिथून प्रवेश असा चढला की काय सांगू. शिट्ट्या मारणारी पोरंही गप्प झाली. आता कर्ण केला की मी आधी ते वाक्य मनात पक्कं करतो, मग काय ते तापवतो.

म्हणून रातांबा, व्यासांच्या बाजूने ओरडणारे असतात. चटईवर बसलेले असतात.

पाटो
परदेशातही हेच झालेलं आहे. कॉनन डॉयलने डिसेंबर १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं. वाचकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. एका बाईंनी तर पत्राची सुरुवातच शिवीने केली, हे त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. १९०१ मध्ये त्याने शिकारी कुत्र्याची कादंबरी सुरू केली ती होम्सच्या मरणाआधीची घटना म्हणून. त्यानेही भागेना. १९०३ मध्ये माणूस जिवंत करूनच परत आणावा लागला.
माझं मत विचाराल तर मेलेला मेलेलाच ठेवायला हवा होता. लोकांच्या हट्टापायी परत आलेला होम्स मला तोच वाटत नाही. माझा भाऊ म्हणतो, मग त्या कथा परत परत का वाचतोस?

बिमली
आमच्या वाड्यावरच्या क्लबात पोरांनी भिंतीवर व्यंगचित्रकार मारियोंची मिस फोन्सेका, त्यांच्या चित्रांतली ऑफिसातली सेक्रेटरी, रंगवली. तिचा ठिपक्यांचा झगा काढून तिला साडी नेसवली. शेजारची निवृत्त टायपिस्ट आंटी भिंतीसमोर उभी राहून भांडली. "ऑफिसात ती अशी कधी येईल का?" जणू दोघी एकाच टेबलावर बसायच्या. शेवटी झगा परत आला. मारियो मिरांडा आपले, लोटलीचे, म्हणून त्यांची माणसंही आपली, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

बाब वकील
बिमली, झग्यावर वाद झाला, परवानगीवर झाला नाही ना? आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतो. मारियो डिसेंबर २०११ मध्ये गेले, म्हणजे २०७१ सरेपर्यंत. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, त्यांचे हक्क संपायला आले तेव्हा ती साठ केली. गडकरी केव्हाच मोकळे झालेत, सिंधूला कुठेही पाठवा, कोणी कोर्टात खेचणार नाही. टायपिस्ट आंटी आणि आजोबा यांच्यासाठी मात्र कायद्यात कलम नाही.

संकासूर
कलम नसेना. चटई आहे.

खतखतें
आमच्या घरी मालिकेतली नायिका बदलली तेव्हा सासूबाई आठवडाभर नव्या मुलीला नावाने हाक मारत नव्हत्या. "ती दुसरी" म्हणायच्या. आता मूळची दुसऱ्या मालिकेत दिसली की म्हणतात, "सासरीं गेलां चेडूं." म्हणजे पोर सासरी गेली.

अभंगवेडा
'कट्यार काळजात घुसली' या मूळ नाटकाचं संगीत अभिषेकीबुवांचं, आणि बुवा मंगेशीचे. त्यामुळे २०१५ चा चित्रपट बघायला बाबा निघाले ते तपासणी करायला निघावं तसे. बुवांच्या चाली आल्या तिथे मांडीवर ताल. नवी गाणी आली तिथे हात बाजूला. घरी आल्यावर निकाल: "वायट ना. पूण कोणें सांगिल्लें?" त्यातलंच एक नवं गाणं ते हल्ली अंघोळ करताना गुणगुणतात. मी काही बोलत नाही.

निद्रिस्त घुबड
मी मडगावची, कॉलेजात आहे. हॅरी पॉटरच्या पात्रांवर मराठीत गोष्टी लिहिते, फोनवर, मैत्रिणींच्या गटासाठी. मूळ पुस्तकात मरणारा स्नेप मास्तर माझ्या गोष्टीत जिवंत राहतो आणि निवृत्त होऊन गोव्यात येतो, काणकोणला घर घेतो, मसाल्याची बाग करतो. मूळ लेखिका रोलिंगबाईंना कळलं तर काय म्हणतील माहीत नाही. मी स्वतःला समजावते की मी काही विकत नाहीये.
मजा पुढे. एका भागात मी त्या स्नेपला बाग विकून परत पाठवायचं ठरवलं. वाचणाऱ्या पोरी भडकल्या. "आमचा स्नेप बाग विकणार नाही." अगं, तुमचा कुठला? माझाही नाही तो! एकीने तर माझ्याच जुन्या भागातली वाक्यं काढून दाखवली, तो असं बोलला होता, आता असा कसा वागेल. मुद्दा बरोबर होता, म्हणून जास्त राग आला.
मी दोन शेवट लिहून टाकले, हवा तो घ्या म्हटलं. आता त्यातला खरा कुठला, यावर दोन तट पडलेत.