मदत हवी आहे: वाढपी मुलांच्या अंगावर ठेकेदाराची उचल आहे, ती मी फेडू का?

नमस्कार मंडळी,

नाशिकला आमचा लग्नकार्याच्या जेवणाचा व्यवसाय आहे. आचारी, मदतनीस आणि भांडी घासणाऱ्या मावश्या मिळून अकराजण कायमचे, त्यांचा पगार माझ्या हातून होतो. वाढपी मात्र ठेकेदाराकडून येतात. दाट तिथीला तीस-तीस मुलं लागतात, म्हणून सहा वर्षं हाच ठेकेदार आहे. एका मुलामागे एका कार्याचे ६५० रुपये त्याला देते. त्यातले मुलाच्या हातात किती पडतात, हे मी सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

मागच्या महिन्यात गरम रश्श्यानं एका मुलाचा हात भाजला. दवाखान्यातून आणल्यावर त्याला म्हटलं, आठ दिवस घरी जा, खाडा धरणार नाही. तो म्हणाला, "काकू, अंगावर पैसे हायेत. जाता येत नाही."

तो सुरगाण्याकडचा. वडिलांनी आजारपणात १५,००० उचल घेतली होती. दोन हंगाम राबूनही ती फिटलेली नाही, कारण हिशोबाला बसलं की जेवण, राहणं, खाडे असं सगळं कापून बाकी पुढे फिरते. हातात आठवड्याची २०० रुपये खर्ची मिळते. आधार कार्ड ठेकेदाराकडे आहे. रात्री सगळी मुलं एका गाळ्यात झोपतात आणि बाहेरून कडी लावलेली असते. हे ऐकल्यापासून मला पंगतीत उभं राहवत नाही.

वेठबिगारी म्हणजे वीटभट्टी, ऊसतोड, असंच मी धरून चालले होते. २०२२ साली आमच्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं थोडे पैसे नि एखादी मेंढी देऊन मेंढ्या राखायला नेल्याचं उघड झालं, तेव्हा आम्ही सगळे हळहळलो होतो. आता माझ्याच मांडवात तेच चाललेलं दिसतंय. सक्तीच्या मजुरीला बंदी घालणारं संविधानाचं कलम २३ वाचलं. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणं हीसुद्धा वेठबिगारीच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटलंय, हेही वाचलं.

मग बाकीचा माल कुठून येतो तेही बघायला लागले. भाजी मी स्वतः बाजारातून उचलते, तिथे माणसं समोर दिसतात. तंदूरच्या कोळशाचं मात्र काहीच कळत नाही. वखारवाला म्हणतो, "गाडी रात्री येते, पोती उतरवून जाते, पुढचं मला विचारू नका." कोळसाभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं उचल घेऊन महिनोन्‌महिने रानात राहतात, हे माहीत असल्यामुळे हे उत्तर मला पुरत नाही.

ठेकेदाराला उद्या नाही म्हणणं सोपं आहे. माझे हात स्वच्छ होतील, पण मुलं त्याच गाळ्यात राहतील आणि दुसऱ्या कोणाच्या तरी कार्यात वाढतील. म्हणून असं मनात आहे की त्या मुलांची उचल मीच ठेकेदाराला देऊन टाकावी आणि त्यांना थेट कामावर घ्यावं. हे बरोबर आहे का? आणि कोळशाचं काय करू? ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद: पाड्यावरचा

ताई, उचल अजिबात फेडू नका. १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं असं कर्ज मुळातच रद्द होतं. रद्द झालेल्या कर्जापोटी पैसे घेणं हाही गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तुम्ही पैसे दिलेत तर तो त्याच पैशांत नवी मुलं आणेल. कर्ज वेठीचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारीही ठेकेदारावरच असते, मुलावर नाही.

ठेकेदाराला आधी काही बोलू नका. बोललात तर गाळा रातोरात रिकामा होईल, हे मी पालघरकडे दोनदा पाहिलंय. जिल्हाधिकारी आणि प्रांत (उपविभागीय अधिकारी), दोघांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मुलांचे जबाब ठेकेदारासमोर नकोत, एकेकट्यानं घ्यावेत असा आग्रह धरा. मुलं वेठीतून सुटल्याचं सरकारी मुक्तता प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत मागे हटू नका, कारण पुढचं सगळं त्यावर अडतं. तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत मिळू शकते. पुनर्वसनाची मोठी रक्कम, म्हणजे प्रौढ पुरुषाला १ लाख, अठराच्या आतली मुलं आणि स्त्रियांना २ लाख, ती खटल्याच्या निकालाशी जोडलेली आहे, म्हणून तिला वेळ लागतो. त्या मधल्या काळातच माणूस पुन्हा उचल घेतो. तुमची खरी गरज तिथे आहे. काम द्या, बँक खातं उघडून द्या.

तुम्ही दिलेल्या ६५०च्या पावत्या असतील तर अर्जाला जोडा. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकावर, म्हणजे तुमच्यावर येते, त्याचीही तयारी ठेवा.

कोळसा: वखारवाल्याला भट्टीचं गाव विचारा आणि एकदा दिवसाउजेडी जाऊन या. मजुरांना दोनच प्रश्न विचारा. बयाणा किती घेतला? घरी कधी जाता येतं? गाव सांगत नसेल तर त्याच्याकडून माल घेऊ नका.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. पैसे काढूनही ठेवले होते, ते आता मुलांच्या खात्यांसाठी राहतील. मजुरीतला फरक मी देईन, तसं अर्जातच लिहिते. कोळशाच्या भट्टीचं गाव कळेपर्यंत तंदूर गॅसवर चालवतोय.

दोन मुलं मला अठराच्या आतली वाटतात. त्यांच्यासाठी १०९८ला, म्हणजे मुलांच्या मदत क्रमांकाला, फोन प्रांतांकडे जाण्याआधी करायचा की त्याच दिवशी? आणि सुरगाणा-पेठ भागात संघटनेचं काम करणारं, तिथली कोकणा बोली बोलणारं कोणी जबाबाच्या वेळी मुलांसोबत बसू शकेल का? सोमवारी अर्ज द्यायचा आहे.